जुनीं शहरवर्णनें आणि नगरचें लोकजीवन

शहराचा इतिहास म्हटला कीं वेढे आणि तहनामे डोळ्यांपुढें उभे राहतात. अहमदनगरच्या बाबतींत हें विशेषच खरें आहे. अहमद निजामशहानें वसविलेलें, चांदबिबीनें लढविलेलें आणि १८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीच्या हातीं गेलेलें हें नगर अशा प्रसंगांनींच ओळखलें जातें. परंतु व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत तेथील माणूस काय खात होता, पाणी कोठून आणीत होता, मजुरी किती मिळवीत होता, हें कोणत्या बखरींत शोधावें?

त्यासाठीं जुनीं शहरवर्णनें आणि प्रवाशांच्या मार्गदर्शिका उपयोगी पडतात. मुंबईस १८६३ मध्यें गोविंद नारायण माडगांवकर आणि पुण्यास १८६८ मध्यें नारायण विष्णु जोशी हे वर्णनकार लाभले. हे लेखक त्या त्या शहराचे रहिवासी होते. नगरचें त्या काळचें सर्वांत विस्तृत वर्णन मात्र सरकारी आहे. जेम्स कॅम्बेल यांनीं संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड १८८४ मध्यें निघाला, तो नगर जिल्ह्याचा. पिकें, सावकारी, व्यापार, धंदे, शाळा, रोगराई आणि अखेरीस गांवोगांवचीं वर्णनें अशी त्याची मांडणी आहे.

असे ग्रंथ वाचतांना ते कोणासाठीं लिहिले गेले, हें आधीं पाहावें. लंडनच्या मरे यांच्या हँडबुकाची मुंबई इलाख्यावरील पहिली आवृत्ति १८५९ ची, दुसरी १८८१ ची. पहिल्या आवृत्तीच्या वाचकास नगरला सडकेनेंच यावें लागे. दुसरी निघाली तेव्हां धोंड-मनमाड लोहमार्ग चालू होऊन तीन वर्षें झालीं होतीं. दोन आवृत्त्या शेजारीं ठेवल्या कीं शहर जगाशीं कसें जोडलें गेलें, हें कळतें. पण त्या मार्गाची माती १८७६-७७ च्या दुष्काळांत पोटासाठीं कामावर आलेल्या लोकांनीं वाहिली, हें प्रवाशाच्या प्रश्नांत बसत नाहीं. तें दुष्काळाच्या कागदांतून काढावें लागतें.

गॅझेटियर अधिकाऱ्यासाठीं लिहिलेलें. म्हणून त्यांत भाव आणि मजुरी काळजीपूर्वक नोंदलेली असते; त्याच लेखणीनें जातीजातींचे स्वभावही दोन शब्दांत ठरवून टाकलेले असतात. पहिला भाग पुराव्याच्या कामीं येतो. दुसरा लोकांविषयीं थोडेंच सांगतो, राज्यकर्त्यांच्या दृष्टीविषयीं पुष्कळ. हा विवेक सुटला तर जुना पूर्वग्रह नव्या इतिहासांत माहिती म्हणून शिरतो.

नगरच्या पाण्याचें उदाहरण घ्यावें. कापूरवाडी, शेंडी, वडगांव इत्यादि ठिकाणांहून खापरी नळांनीं शहरांत पाणी आणण्याची योजना निजामशाहीतली. वर्णनकार नळांचें कौतुक करतो. संशोधकानें पुढें विचारावें कीं त्या हौदांवर घागर भरण्याचा हक्क कोणास होता आणि कोणास नव्हता? पुण्यांत १८६८ मध्यें जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ज्या काळीं एवढी गोष्ट बंडखोरी ठरत होती, त्या काळच्या कोणत्याही शहराचें पाणीवर्णन या प्रश्नावांचून पुरें होत नाहीं.

म्हणून मार्गदर्शिकेस दुसऱ्या साक्षीदारांची जोड हवी. १८५४ मध्यें स्थापन झालेल्या नगरपालिकेचे कागद, अमेरिकन मिशननें १८४२ मध्यें नगरांतच सुरू केलेला ‘ज्ञानोदय’, घराघरांतल्या हिशेबाच्या वह्या, हे ते साक्षीदार. मिशनलाही स्वतःचा पक्ष होताच. पण दोन भिन्न पक्षांचे साक्षीदार जेथें एकच गोष्ट सांगतात, तेथें पाय रोवण्यास जागा मिळते.

तिसरी साक्ष जमिनीवरची. माळीवाडा वेस, दिल्ली दरवाजा, कापड बाजार, तोफखाना हीं नांवें आजही अहिल्यानगरच्या लोकांच्या तोंडीं आहेत. ग्रंथ हातीं घेऊन या पेठांतून फिरणारास छापील ओळ आणि उभी भिंत यांचा मेळ घालतां येतो. मात्र भिंती पडतात, नळ बुजतात आणि जुन्या वह्या रद्दींत जातात. ग्रंथालयांतलें गॅझेटियर टिकेल. त्याची चूक दाखविणारी घरची वही टिकली नाहीं, तर नगरच्या माणसांविषयीं शेवटचा शब्द परक्या अधिकाऱ्याचाच राहील.