मुलकी, गैरमुलकी आणि आपण

गणपतीच्या दिवसांत दिलसुखनगरच्या आपल्या कोणत्याही घरी आरतीला जावं, तर आरती संपता संपता एक फोन हमखास येतो. डॅलस, न्यू जर्सी, सिडनी, कधी टोरांटो. ताट त्या बारक्या पडद्यासमोर धरायचं, तिकडच्यांनी हात जोडायचे आणि मग "मोदक कसे झाले?" अशी विचारपूस. मुलं परदेशी गेल्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात नसतं, की आपल्या घरातलं परदेशी जाणारं पहिलं माणूस अमेरिकेला गेलेलं नव्हतं. ते हैदराबादेत आलेलं होतं.

यात अतिशयोक्ती नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत पुण्याहून किंवा साताऱ्याहून इथे येणं म्हणजे एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात जाणं होतं. तिकडच्या बोलीत निजामाच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. मोगलाईचा रुपया वेगळा होता. इथला हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार यांचा हिशेब साधारण सात हालीला सहा कलदार असा होता. टपालाची तिकिटं वेगळी, रेल्वे निजामाची, हद्दीवर मालाची जकात घेणारं 'करोडगिरी' खातं वेगळं आणि सरकारी कामाची भाषा उर्दू. वाडी जंक्शनला गाडी बदलली की माणूस मुलूखही बदलत असे.

दोन वाटांनी आलेली माणसं

हैदराबादेतले मराठी लोक मुख्यतः दोन वाटांनी आले. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या सोळा जिल्ह्यांपैकीच होते. तिथल्या माणसाला हैदराबाद ही त्याचीच राजधानी होती. कोर्टाचं काम, वरचं शिक्षण, मोठी नोकरी यासाठी तो इथेच येणार. १९०० साली हैदराबाद ते मनमाड मीटरगेज रेल्वे पुरी झाली आणि ही वाट सोपी झाली. १९१६ मध्ये बांधलेलं काचीगुडा स्टेशन कित्येक घरांच्या आठवणीत आहे ते त्यामुळेच. नांदेड-परभणीची गाडी तिथे लागायची आणि उतरलेली मंडळी ट्रंका घेऊन काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार या भागांतल्या नातलगांकडे पोचायची.

दुसरी वाट इंग्रजी मुलखातून, म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर, कोकण इथून येणाऱ्यांची. ही माणसं खरोखर परकी होती. सावंतवाडीजवळच्या कोलगावचे श्रीपाद दामोदर सातवळेकर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकून विसाव्या शतकाच्या आरंभी इथे आले आणि चित्रांवर पोट भरू लागले. पुढे वेदाभ्यासासाठी सारा देश ज्यांना ओळखू लागला ते हेच पंडित सातवळेकर. गुलबर्ग्याहून आलेले वकील केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींबरोबर विवेक वर्धिनी पाठशाळेच्या उभारणीत तेही होते. राज्यातला, राज्याबाहेरचा, वकील, चित्रकार असे सगळे एकत्र आले ते मुलांना मराठी शाळा हवी म्हणून. केशवराव पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. नारायणगुड्याच्या 'केशव मेमोरियल' या नावातले केशव ते हेच.

आमचं घराणं दुसऱ्या वाटेचं. पणजोबा वाईजवळच्या एका खेड्यातून १९०५ च्या सुमारास आले. वय वीस, मॅट्रिक अर्धवट, ओळख फक्त एका वकिलाच्या मुनशीची. त्या वकिलाकडे कागद लिहिण्याचं काम मिळालं. मोडी सफाईदार होती, उर्दूचं अक्षरही येत नव्हतं. दिवसा काम आणि रात्री एका मौलवीसाहेबांकडे अलीफ, बे, पे. चार वर्षांत ते उर्दूत दरख्वास्त लिहू लागले आणि घरची पत्रं मात्र शेवटपर्यंत मोडीत लिहीत राहिले.

परत न जाण्याची लेखी हमी

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बाहेरच्या लोकांनी सरकारी नोकऱ्या बळकावल्या, ही तक्रार हैदराबाद संस्थानात जुनी होती. 'मुलकी' म्हणजे या मुलखातला आणि 'गैरमुलकी' म्हणजे बाहेरचा. १९१९ मध्ये निजामाच्या फर्मानाने मुलकी नियम पक्के झाले. मुलकी कोण? जो जन्माने संस्थानचा प्रजाजन आहे तो. आणि बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायचं असेल, तर त्याने किमान पंधरा वर्षं इथे कायम वास्तव्य केलेलं असावं, आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा विचार सोडून दिलेला असावा आणि तसं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करून द्यावं.

पंधरा वर्षं भरली तेव्हा पणजोबांपुढे प्रश्न आला. वकिलांचं वय झालं होतं, पदरी तीन मुलं होती आणि महसूल खात्यात कारकुनाची जागा मिळण्यासारखी होती. जागा हवी तर मुलकी व्हायला हवं आणि मुलकी व्हायचं तर गावी परतणार नाही असं लिहून द्यायला हवं. १९२१ साली त्यांनी सही केली. बातमी वाईला पोचली आणि दोन महिन्यांनी थोरल्या भावाचं उत्तर आलं. आमच्या आजीने ते पत्र तोंडी सांगितलेलं असं, की परत यायचं नाही हे सरकारात लिहून दिलंस, तर शेतातला वाटा तुला कशाला? पुढे दहा वर्षं दोन्ही भावांत बोलणं नव्हतं. पणजोबांनी वाट्यासाठी भांडण केलं नाही. पण आई गेल्याचं त्यांना तेराव्यानंतर कळलं, आणि ते दुःख मात्र त्यांनी कधी विसरलं नाही.

आम्ही लहानपणी ही गोष्ट 'जमिनीची भानगड' म्हणून ऐकली. पुढे मुलकी नियम वाचल्यावर तिचा अर्थ कळला. नोकरीच्या एका कागदाने माणसाचं गाव कायद्याने संपवलं होतं.

शाळा, ग्रंथालय, संमेलन

ज्यांनी परतीचा विचार सोडला त्यांनी इथे काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. विवेक वर्धिनीचा उल्लेख वर आलाच. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झालं. आपली मुलं तिथे उर्दूतून इतिहास आणि गणित शिकली आणि संध्याकाळी ग्रंथसंग्रहालयात मराठी कादंबऱ्या वाचू लागली. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अध्यक्ष होते. मराठी ही ज्या राज्याची सरकारी भाषा नव्हती, त्याच्या राजधानीत हे घडलं.

देवाणघेवाण दोन्हीकडून होती. हैदराबादचे पुढचे मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने घेतलं आणि त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. मराठी त्यांना इतकी चांगली येई, की पुढे हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनीच तेलुगूत नेली.

हद्द ओलांडणं आणि हद्द हलणं

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा हैदराबाद बाहेरच राहिलं. पुढचे तेरा महिने रझाकारांच्या धास्तीने हजारो कुटुंबं संस्थानाबाहेर पडली. आमच्या आजीने पाच वर्षांच्या आमच्या वडिलांना आणि दोन मुलींना घेऊन सोलापूर गाठलं. आजोबा नोकरीपायी इथेच राहिले. सोलापुरात मराठी बोलणाऱ्या मराठी माणसांना 'निर्वासित' म्हणत, हे वडिलांना म्हातारपणीही आठवे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा, मग १३ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आणि १७ तारखेला संस्थानाची शरणागती. आपली घरं परतली. पण त्याच दिवसांत मराठवाड्यातल्या कित्येक मुसलमान कुटुंबांवर उलटी वेळ आली, आणि जीव वाचवून ती याच शहरात येऊन राहिली. हैदराबादचा इतिहास सांगताना दोन्ही बाजूंचं हे स्थलांतर सांगायलाच हवं.

मग आला १ नोव्हेंबर १९५६. भाषावार प्रांतरचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, कानडी भाग म्हैसूरकडे गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झालं. नांदेडच्या माणसाची राजधानी एका रात्रीत दूरच्या मुंबईला गेली. सरकारी नोकरांची वाटणी झाली. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी, हैदराबादच्या मुलकी सेवेतले अधिकारी आणि मोठे इतिहासकार, मुंबईला गेले. आमच्या घरातही तेच झालं. मधल्या आजोबांची नेमणूक औरंगाबादला झाली आणि आमचे आजोबा इथेच राहिले. आधीच्या पिढीत माणूस हद्द ओलांडून आला होता. या वेळी माणसं जागच्या जागी होती आणि हद्दच त्यांच्यावरून पुढे गेली.

मुलकीचा वाद मात्र संपला नव्हता. १९५२ मध्ये 'गैरमुलकी परत जा' हे आंदोलन पेटलं होतं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले, त्यावरून आंध्र भागात वादळ उठलं आणि १९७३ च्या सहा कलमी तोडग्यानंतर ते नियम गेले. पणजोबांचा जुना कागद वडिलांना तोवर उपयोगी पडत होता.

दिलसुखनगरहून पुढे

वाडे अपुरे पडले तशी पुढची पिढी मलकपेट, दिलसुखनगर, सरूरनगर अशी विजयवाडा रस्त्याने सरकत आली. जहागीरदार दिलसुखराम यांच्या जमिनीवर प्लॉट पडले, म्हणून हे दिलसुखनगर. आपली बहुतेक घरं हप्त्यांवर बांधलेली, एका मजल्याची, पुढे वर वाढत गेलेली. सत्तरच्या दशकात इथे रात्री कोल्हे ओरडत असं वडील सांगत. मग कोचिंग क्लास, वसतिगृहं, संगणकाचे वर्ग आले आणि हाच भाग परदेशाचा उंबरठा झाला.

अमेरिकेचं दार १९६५ च्या कायद्याने उघडलं आणि १९९० नंतर संगणकवाल्यांसाठी ते रुंद झालं. आमचा धाकटा भाऊ १९९८ साली गेला. तेव्हा व्हिसासाठी चेन्नई गाठावी लागे, कारण हैदराबादची अमेरिकन वकिलात २००८ च्या अखेरीस बेगमपेटच्या पैगा पॅलेसमध्ये सुरू झाली. भावाने चारमिनार एक्स्प्रेसने जाण्याआधी चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घातल्या आणि व्हिसा मिळाल्यावर एकशे आठ. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने डॉक्टर व्हायला निघाल्या, तेव्हा त्यांच्यामागे असं काहीच नव्हतं. तिथे आपलं म्हणावं असं मंडळही नव्हतं. भावाला मात्र तिथे महाराष्ट्र मंडळ होतं आणि १९८१ पासून चालू असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळही.

तिथली त्याची गंमत अशी. महाराष्ट्र मंडळात लोक त्याचं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून विचारत, "तुमचं मराठी छान आहे, कुठे शिकलात?" तेलुगू मंडळींत तो सफाईने तेलुगू बोले, पण जेवायला बसल्यावर वरणात साखर घाले. हैदराबादी मुसलमान मित्रांच्या घरी ईदला गेला, की त्याला सगळ्यांत जास्त माहेरी आल्यासारखं वाटे. तिन्ही ठिकाणी त्याला बोलावणं असे, आणि आपण नक्की कुठले हे तिन्ही ठिकाणी समजावून सांगावं लागे.

२०१४ साली इथे तेलंगण राज्य झालं, आणि त्याच वर्षी भावाने अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या शपथेत पूर्वीच्या देशावरची निष्ठा सोडल्याचं म्हणावं लागतं. आपल्या कायद्यानेही परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपतं. भाऊ फोनवर म्हणाला, "पणजोबांनी केली तीच सही केली." फरक एवढाच, की पणजोबांना परतीचा कागद कुणी दिला नव्हता. भावाला ओसीआय कार्ड मिळालं. ती योजना जानेवारी २००६ मध्ये सुरू झाली, ती प्रवासी भारतीय दिवसाच्या समारंभात, याच हैदराबादेत.

त्यानंतर वर्षभराने घराच्या वाटणीचा विषय निघाला. आमच्यातलेच एक जण बोलून गेले, "तो कुठे परत यायचाय?" वाईच्या पत्रातलंच वाक्य शंभर वर्षांनी आमच्या बैठकीत आलं होतं. क्षणभर सगळे गप्प झाले. आईने विषय तिथेच मिटवला आणि भावाचा वाटा त्याच्या नावावर ठेवला. तो राहायला येईल म्हणून नव्हे. त्याच्या मुलांना इथे यायला एक दार असावं म्हणून.

हा इतिहास एकट्या आमच्या घराचा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकेत मुलकी दाखले, मोडी पत्रं, उर्दू मिसली, १९५६ च्या बदलीचे हुकूम पडून असतील. ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. उत्सवाच्या दिवसांत ते कागद मंडळात आणावेत. मोडी आणि उर्दू वाचणारे दोनचार जाणकार आपल्यात अजून आहेत. त्यांच्याकडून ते वाचून घ्यावेत, नातवंडांनी फोनवर त्यांचे फोटो काढावेत आणि आजी-आजोबांनी त्यामागची हकीकत सांगावी. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेची पानं त्यासाठी ठेवावीत, ही संपादक मंडळाला आमची विनंती.

गणपती बाप्पा मोरया!