मनगटाने राखलेली पकड

मेरुरज्जू मानेपाशी दुखावला असता पायांबरोबर हातही जातात, आणि अशा रुग्णाचे प्राक्तन माणसाने किती दीर्घकाळ निमूटपणे मान्य केले होते याची साक्ष सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या, एडविन स्मिथच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्तमधील वैद्यकीय लेखात मिळते. मानेचा मणका निखळून ज्याला हातापायांचे भान उरलेले नाही, त्याची व्याधी उपचाराबाहेरची, असा निवाडा त्यात नमूद आहे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुदोष यांनी तो निवाडा पहिल्या महायुद्धापर्यंत जवळजवळ अबाधित राखला.

हिटलरच्या राजवटीतून परागंदा झालेले ज्यू वैद्य लुडविग गुटमन यांनी 1944 साली इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे विभाग उघडला आणि दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा शिरस्ता घालून दिला, तेव्हा ही माणसे जगू लागली. परंतु 1948 मध्ये तेथील धनुर्विद्येच्या सामन्यात ज्या 16 जणांनी बाण सोडले, त्यांचे हात कामाचे होते. ज्याला तोंडापर्यंत घासही नेता येत नाही त्याची कैफियत ऐकायला वैद्यकाला आणखी अवधी लागला, आणि हा विलंब मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक भाग वाटतो.

त्या अवधीत हाताची राखण केली ती उपचारिकांनी. मानेतील सहाव्या मज्जाखंडापर्यंतचे बळ ज्याचे शाबूत आहे, त्याला बोटे हलविता येत नसली तरी मनगट वर उचलता येते, आणि मनगट उचलताच कंडरा ताणल्या जाऊन बोटे आपोआप मिटतात, ते खाली सोडताच उलगडतात. म्हणून बोटे मिटवायची ती मनगट उचललेले असताना, आणि उघडायची ती मनगट झुकलेले असताना, हा दंडक. मनगट आणि बोटे एकाच वेळी मागे ताणून मालिश करणारा मायेचा माणूस नकळत त्या कंडरा सैल करतो आणि उरलेली पकडही घालवून बसतो.

शस्त्रक्रियेविषयी मात्र अनेक अनुभवी वैद्य साशंक होते. ज्याच्यापाशी मोजकेच स्नायू उरले आहेत, त्याचा एखादा कामाचा स्नायू जागेवरून हलवावा कसा? ही भीती अनाठायी नव्हती. तिला उत्तर दिले ते स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या एरिक मोबर्ग यांनी. आंगठ्याची कंडरा मनगटाजवळच्या हाडाला बांधून, मनगट उचलताच आंगठा तर्जनीच्या कडेवर किल्ली धरल्यासारखा दाबला जाईल अशी तजवीज त्यांनी केली. तसेच खांद्याच्या स्नायूचा मागचा भाग, पायाच्या बोटांच्या कंडरांचा सांधा देऊन, कोपर सरळ करण्याच्या कामी लावला. 1975 साली त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले. कोपर सरळ होऊ लागले म्हणजे डोक्यावरच्या फळीपर्यंत हात पोहोचतो, आणि हलविलेल्या स्नायूला नवे काम शिकविण्यात पुढचे कित्येक महिने जातात.

2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, हातपाय दोन्ही गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी चालण्याआधी हात परत मागितले. 2019 मध्ये मेलबर्नच्या शल्यविशारदांनी 16 रुग्णांमध्ये इजेच्या वरचे जिवंत मज्जातंतू खालच्या निर्जीव तंतूंना जोडल्याचा वृत्तांत दिला. या शस्त्रक्रियेला कंडरांच्या शस्त्रक्रियेसारखी वर्षानुवर्षांची सवड नाही. पुष्कळ स्नायूंच्या बाबतीत ती इजेनंतर वर्षभराच्या आतच करावी लागते, आणि म्हणून हाताची गोष्ट रुग्णाशी तो इस्पितळात खिळलेला असतानाच काढली पाहिजे.