सेनापतीचा चार्ज

भोसरे आमच्या खटाव तालुक्यातलं. कुडतोजी गुजर तिथले. शिवाजीमहाराजांनी त्यांना प्रतापराव केलं आणि घोडदळाचं सरनोबतपद दिलं. तळबीड कराडच्या अंगाला, वसंतगडाच्या पायथ्याशी, आणि हंबीरराव मोहिते तिथले. म्हणजे ओळीनं दोन सेनापती आजच्या सातारा जिल्ह्यातले. पुढचे एक, संताजी घोरपडे, मारले गेले तेही आमच्या शेजारीच, माणच्या बाजूला शंभू महादेवाच्या डोंगरात. गावोगावच्या जयंत्यांना याच नावांवर भाषणं होतात आणि शौर्याचं वर्णन भरपूर होतं. मी फौजेतून सुभेदार म्हणून घरी आलेला माणूस. शौर्याबद्दल मला शंका नाही, पण माझं लक्ष जातं ते दुसरीकडे. या पदावर नेमत कोण होतं, काढत कोण होतं आणि दाणावैरणीचा पैसा कुणाच्या हातात होता? पलटणीत साहेब बदलला की चार्जच्या कागदावर दोन सह्या होतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. मराठी राज्याच्या सेनापतीपदाचा इतिहास मी त्या सह्या शोधत वाचत गेलो.

सभासदाच्या बखरीत फौजेची उतरंड दिली आहे. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. जुमलेदाराला पाचशे होन, हजारीला हजार, पंचहजारीला दोन हजार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी भरणारा आणि नाल ठोकणारा किती घोड्यांना पुरतो, हे ज्यानं ठरवलं त्यानं स्वतः घोड्यावर उन्हाळे काढलेले असणार. पावसाळ्यात फौज छावणीला, दसऱ्याला बाहेर. जाताना प्रत्येकाच्या सामानाची यादी, परत येताना झडती, आणि यादीपेक्षा जास्त निघेल ते सरकारात जमा. हिशेब ठेवायला जागोजाग मजमूदार. पगार रोख, गाव तोडून द्यायचं नाही. शिवाय पायदळाचा सरनोबत वेगळा. ते काम येसाजी कंकांकडे होतं. म्हणजे सगळी फौज एका मुठीत नव्हती आणि खजिन्याची किल्ली तर कोणत्याच सरनोबताकडे नव्हती.

आणि काढलंही जायचं. नेताजी पालकरांना लोक प्रतिशिवाजी म्हणत, एवढा मोठा माणूस. 1666 च्या सुरुवातीला पन्हाळ्यावरच्या हल्ल्यात ते वेळेवर पोचले नाहीत आणि सरनोबती गेली. ते आधी विजापूरकडे गेले, मग मोगलांकडे, तिथं मुसलमान केले गेले आणि दहा वर्षांनी परत आले. महाराजांनी त्यांना जवळ घेतलं, पण सरनोबती परत दिली नाही. नेताजींच्या जागी आले ते आमचे प्रतापराव.

प्रतापरावांची सगळ्यांना ठाऊक असलेली लढाई नेसरीची. मला जास्त शिकवते ती त्याआधीची, उमराणीची. उमराणी सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात. तो मुलूख एप्रिलमध्ये कसा असतो ते ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. 1673 च्या एप्रिलमध्ये बहलोलखान विजापूरहून फौज घेऊन आला. प्रतापरावांनी त्याला गाठलं आणि त्याचं पाणीच तोडलं. तहानलेली फौज आणि वर जतचं ऊन! खान शरण आला. इथपर्यंतचं डोकं एकदम पहिल्या प्रतीचं. मग प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. महाराज संतापले, आणि ते बरोबरच होते, कारण खान पुन्हा उलटला. त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा निरोप गेला. 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा स्वारांनिशी त्याच्या अंगावर गेले आणि सातही जण पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेनं ते सात जण घराघरात पोचवले.

आमच्या गावात मी हे बोललो तर लोक रागावतील, तरी लिहितो. सेनापतीनं सहा जणांना घेऊन जायचं नसतं. मागे हजारो माणसं त्याच्या हुकमाची वाट पाहत असतात. पण त्या फौजेची घडी अशी होती, की सरनोबत पडूनही ती पांगली नाही. फौजेतल्याच आनंदराव या सरदारानं तात्पुरती सूत्रं हातात घेतली. महिन्या-दोन महिन्यांत महाराज चिपळूणच्या छावणीत आले, फौजेची पाहणी केली आणि तळबीडच्या हंसाजी मोहित्यांना हंबीरराव ही पदवी देऊन सरनोबत केलं. पद गुजरांच्या घरात ठेवलं नाही. गुजरांचा मान राखला तो वेगळ्या रीतीनं: पुढं 1680 मध्ये प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराममहाराजांना करून घेतली. सोयरीक घराण्याशी, पण चार्ज लायक माणसाला. ही दोन खाती महाराजांनी कधी एकत्र केली नाहीत.

1674 च्याच मे महिन्यात महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना ताकीद धाडली. रयतेच्या दाण्याला, भाजीपाल्याला हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा, दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, रात्री दिवा जळता ठेवू नका, नाहीतर उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील. राज्याभिषेक महिन्यावर आला असताना राजाला उंदराची आठवण आहे. नव्या सेनापतीला त्यातून काय कळलं असेल याचा अंदाज मला करता येतो. कोत, म्हणजे हत्यारखाना, तपासायला मोठा साहेब अचानक आला, की आमच्या सीओंचा चेहरा जसा व्हायचा तसंच काहीसं.

हंबीररावांची खरी परीक्षा 1680 मध्ये झाली, आणि ती रणात नाही. महाराज गेले, रायगडावर सोयराबाईंनी राजारामांना गादीवर बसवलं. सोयराबाई हंबीररावांची सख्खी बहीण, राजाराम भाचा. मामानं नुसतं गप्प बसायचं होतं. हंबीरराव संभाजीराजांच्या बाजूनं उभे राहिले. 1687 च्या डिसेंबरात वाईजवळ सर्जाखानाशी लढताना तोफेच्या गोळ्यानं गेले. समाधी तळबीडला आहे. त्यांची मुलगी म्हणजे महाराणी ताराबाई.

त्यांच्यानंतर म्हाळोजी घोरपडे. 1689 मध्ये संगमेश्वरला संभाजीराजे पकडले गेले, त्या झटापटीत म्हाळोजी लढता लढता पडले. इथून राज्याची तऱ्हाच बदलली. राजाराममहाराज जिंजीला, औरंगजेब महाराष्ट्रात, खजिना रिकामा. रोख पगार कुठून देणार? मोगल वतनं देऊन सरदार फोडत होते, मग मराठी राज्यालाही वतनं आणि सरंजाम देऊन माणसं धरून ठेवावी लागली. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता हे मी मान्य करतो. राज्य वाचलं त्यामुळंच. पण सेनापतीपदाच्या मुळाला पाणी बंद झालं तेही त्यामुळंच, कारण आता स्वाराचा पगार सरदाराच्या हातून येऊ लागला, आणि स्वार ज्याच्या हातून पगार घेतो त्याचाच हुकूम ऐकतो.

या काळात संताजी सेनापती झाले. म्हाळोजींचा मुलगा होते, पण पद मिळवलं ते मनगटावर. 1695 च्या अखेरीला दोड्डेरीला कासीमखानाची अख्खी फौज त्यांनी कोंडली. खान तिथंच संपला. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार लिहितो, की संताजीच्या वाट्याला गेलेला सरदार मारला तरी जाई, नाहीतर जखमी होई, नाहीतर कैद होई. तोच हेही लिहितो, की हा माणूस लहानशा चुकीलाही हत्तीच्या पायी द्यायचा. शिवाजीमहाराजांच्या काळातली शिस्त संताजी सरंजामदारांच्या फौजेत चालवायला निघाले होते. रोख पगारावरचा माणूस शिक्षा सोसतो, स्वतःची पागा असलेला माणूस निघून जातो. राजाराममहाराजांशी बिनसलं, 1696 मध्ये पद धनाजी जाधवांकडे गेलं, आणि संताजी-धनाजी या जोडीच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या. 1697 च्या जूनमध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात, ओढ्यावर अंघोळ करत असताना, म्हसवडच्या नागोजी मान्यांनी संताजींना मारलं आणि शीर औरंगजेबाकडं पोचवलं. मान्यांच्या बायकोच्या भावाला, अमृतराव निंबाळकरांना, संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं. माणदेशात हा विषय निघाला की अजून दोन बाजू पडतात. मी कोणत्याच बाजूला बसत नाही. पण मोगलांना जो सापडला नाही तो मेव्हण्याच्या सूडात सापडावा, हे काही बरं नव्हे.

1708 मध्ये धनाजी वारले आणि पद त्यांच्या मुलाकडं, चंद्रसेनाकडं गेलं. माझ्या मते चार्जचा कागद फाटला तो इथं. चंद्रसेनाला राग बाळाजी विश्वनाथाचा. धनाजींच्या हाताखाली कारकुनी केलेला माणूस साताऱ्याच्या गादीवरच्या शाहूराजांच्या मर्जीत आला होता. 1711 मध्ये शिकारीतल्या एका हरणावरून भांडण पेटलं, बाळाजीपंत जीव घेऊन वाईजवळच्या पांडवगडावर गेले, आणि सेनापती राजाची फौज घेऊन राजाच्याच माणसामागे लागला. शेवटी चंद्रसेन ताराबाईंकडं गेला, मग निजामाकडं. निजामाकडं जाताना छत्रपतींचा सेनापती आपले स्वार बरोबर घेऊन जाऊ शकला, कारण ते त्याचेच होते. साताऱ्याच्या गादीला सेनापती होता पण सेना नव्हती. शाहूराजांनी बाळाजीपंतांना ‘सेनाकर्ते’ असं नवंच पद दिलं आणि कर्ज काढून फौज उभारायला लावली. दोन वर्षांत तेच पेशवे झाले.

1717 मध्ये तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना सेनापतीपद मिळालं, त्यांच्यामागून मुलगा त्र्यंबकराव. गुजरातच्या वसुलीवरून पेशवे आणि सेनापती यांच्यात तेढ वाढली, आणि 1 एप्रिल 1731 ला डभोईजवळ छत्रपतींचा मुख्य प्रधान आणि छत्रपतींचा सेनापती यांनी एकमेकांवर हत्यार चालवलं. त्र्यंबकराव मारले गेले. शाहूराजांनी उमाबाई दाभाड्यांची समजूत घातली आणि सेनापतीपद त्र्यंबकरावांचा भाऊ यशवंतरावाला दिलं. कारभार उमाबाईंनी चालवला आणि धडाडीनं चालवला. पण तलवार होती दाभाड्यांचे मुतालिक गायकवाड यांच्या हातात. 1751 मध्ये दमाजी गायकवाड ताराबाईंच्या मदतीला साताऱ्यापर्यंत आले, वेण्णेच्या काठी पेशव्यांशी गाठ पडली आणि कैदेत गेले. सुटले ते अर्धी गुजरात पेशव्यांना देऊन. उरलेली अर्धी गायकवाडांची झाली. दाभाड्यांना राहिलं सेनापती हे नाव.

पुढचं भराभर सांगतो, कारण सांगण्यासारखं पदच उरलं नव्हतं. बडोदेकर ‘सेनाखासखेल’, नागपूरकर भोसले ‘सेनासाहेबसुभा’, कोल्हापूरच्या गादीचे सेनापती कापशीकर घोरपडे; किताब भरपूर. 1761 ला पानिपतावर फौज नेली सदाशिवरावभाऊंनी, पेशव्यांच्या चुलतभावानं. 1795 ला खर्ड्याला सूत्रं होती परशुरामभाऊ पटवर्धनांकडं, ते सांगली जिल्ह्यातल्या तासगावचे. यांतल्या कुणालाही सेनापती म्हणत नव्हते. साताऱ्यात मात्र नाव टिकलं. 1839 मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, तेव्हा त्यांचे भाऊबंद बाळासाहेब सेनापतीही बरोबर होते. ते वाटेतच वारले. सरनोबतीच्या परंपरेतला साताऱ्याचा हा शेवटचा सेनापती, हाताखाली एक स्वार नसलेला.

नंतर शंभर वर्षं या मुलखात वरचा हुद्दा गोऱ्याचा आणि शिपाई आमचा. मग 1942 आलं. 3 सप्टेंबरला तासगावला मोर्चा निघाला, 9 ला आमच्या वडूजला, 10 ला इस्लामपूरला. वडूज आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा अधिक सांगलीचा मोठा भाग. 1943 मध्ये तिथं नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि त्याची तुफान सेना निघाली. कुंडलला तिचं केंद्र. जी. डी. बापू लाड तिचे फिल्ड मार्शल, रामचंद्र लाड तिचे कॅप्टन, म्हणून कॅप्टन भाऊ. दोघांचाही जन्म 1922 चा. विशीतला फिल्ड मार्शल! युरोपात लढाई चालू होती, हुद्दा तिकडून उचलला असणार. पगार शून्य. 7 जून 1943 ला कराड तालुक्यात शेणोलीजवळ त्यांनी पगाराची रोकड नेणारी रेल्वे अडवली. रेल्वे लुटली म्हटलेलं कॅप्टन भाऊंना शेवटपर्यंत चालत नसे. लोकांचा पैसा लोकांकडं आणला, असं ते सांगत. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये याच मंडळींनी धुळ्याकडं चिमठाण्याला सरकारी खजिना नेला, साडेपाच लाखांचा.

पैसा आला, तो सेनेच्या नावावर होता आणि जाब विचारायला गावची माणसं होती. मला सभासदाचा मजमूदार इथं परत दिसतो, खादीच्या टोपीत. 1946 मध्ये काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली आणि भूमिगत घरी परतले. फिल्ड मार्शलचा चार्ज कुणी घेतला नाही. बापू पुढं शेतकरी कामगार पक्षात गेले आणि त्यांनी कुंडलला क्रांती साखर कारखाना उभा केला.