नंबर लावण्याचा इतिहास



स्मरणिकेसाठी काही लिहा, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण त्या म्हणाल्या, “आयुष्यात जे सर्वांत जास्त केले असेल त्यावर लिहा.” विचार करता लक्षात आले, की स्वयंपाकाखालोखाल मी जर काही केले असेल तर ते डॉक्टरांकडे नंबर लावणे हेच होय. सासऱ्यांसाठी, सासूबाईंसाठी, यजमानांसाठी, मुलांसाठी. तेव्हा या नंबराचाच इतिहास थोडक्यात सांगते. काही मुलीने पुस्तकांतून शोधून दिले, काही सासूबाईंच्या तोंडून ऐकलेले आहे, आणि काही अंगावरून गेलेले आहे.

फार पूर्वी नंबर नव्हता, कारण दवाखानाच नव्हता. वैद्यबुवांना घरी बोलवावयाचे. त्यांनी नाडी पाहावयाची आणि पुड्या द्यावयाच्या. प्रथम कोणाकडे जावयाचे हे घराच्या इभ्रतीवर ठरे. वाड्यावरचा निरोप आधी, झोपडीतला मागाहून. “गरज सरो, वैद्य मरो” ही म्हण आपण नेहमी ऐकतो. पण गरिबाच्या घरी पुष्कळदा गरज सरे तरी वैद्य पोहोचत नसे.

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज व जमशेटजी जिजीभाईंच्या नावाचे रुग्णालय सुरू झाले. वैद्याने रोग्याकडे जाण्याऐवजी रोगी डॉक्टरकडे जाऊ लागला. जेथे माणसे एका दारी जमतात तेथे रांग आलीच. मात्र त्या रांगेत बायका फारशा नसत. परपुरुषाला दुखणे दाखवावयाचे कसे, या संकोचाने कित्येकींनी दुखणी अंगावर काढली. म्हणून १८८६ हे साल आपण बायकांनी लक्षात ठेवावे. त्या साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि त्याच साली मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून कामा रुग्णालय उघडले. तेथे रोगी स्त्रिया व मुले, आणि तपासणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच. विलायतेहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी ते चालविले. आनंदीबाई पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. त्यांच्या हातून आपल्याकडच्या बायकांना औषध मिळावयाचे राहून गेले. पण बाईलाही रांगेत उभे राहण्याचा हक्क आहे, ही गोष्ट त्या सालापासून रुजू लागली.

आता आपल्या मुलुंडकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती मुलुंडच्या शिवारातूनच. १९२२ च्या सुमारास येथे रस्ते आखून वसाहत वसविण्यास सुरुवात झाली. पश्चिमेचे सरळ रस्ते आणि पाच रस्त्यांचा चौक ही त्याचीच खूण होय. १९५७ साली मुलुंड बृहन्मुंबईत आले. आग्रा रोडच्या कडेने, म्हणजे हल्लीच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने, कारखाने उभे राहिले आणि कामगारांची वस्ती वाढली.

या कामगारांमुळे नंबराच्या इतिहासात मोठा बदल झाला. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. मुंबईत ती योजना १९५४ साली आली. पगारातून थोडी रक्कम कापावयाची आणि त्या बदल्यात औषधपाणी मिळावयाचे. त्यासाठी वस्तीतलेच खासगी डॉक्टर नेमलेले असत. त्यांना आपल्याकडे ‘पॅनेलचे डॉक्टर’ म्हणत. माझे सासरे अशाच एका डॉक्टरांच्या यादीवर होते. सासूबाई सांगत, “कार्ड हातात आले तेव्हा पहिल्यांदा वाटले, डॉक्टरांच्या दारात आपण उपकार मागावयास आलो नाही.” नंबराचा हा मोठा गुण. शेठजींचा दिवाणजी असो वा भट्टीवरचा मजूर असो, आधी आला त्याचा नंबर आधी.

पण नंबर लावण्यास मोकळा वेळ लागतो. तो कोणाचा? सासूबाईंच्या वेळी दवाखान्याच्या दाराला एक वही टांगलेली असे आणि तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली. पहाटे उठून पाण्याचे हंडे भरावयाचे, डबा करावयाचा आणि यजमान पाळीवर गेले की धावत जाऊन वहीत नाव लिहावयाचे. ज्यांना लिहिता येत नसे त्या दुसरीकडून लिहून घेत. मग घरी येऊन भाकऱ्या थापावयाच्या आणि अंदाजाने परत जावयाचे. जाताना औषधाची रिकामी बाटली धुऊन न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरीत आणि मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देत.

वाट पाहण्याचा हा प्रश्न आपल्याकडेच होता असे नाही. इंग्लंडात १९४८ साली सर्वांना सरकारी औषधोपचार मिळू लागले तेव्हा तेथेही डॉक्टरांकडे बाकावर बसून पाळीची वाट पाहावी लागे. वेळ ठरवून जाण्याची पद्धत तेथे १९६० नंतरच सर्रास झाली. बेली नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १९५२ साली रुग्णालयातील रांगांचा हिशेब मांडला. त्याचे म्हणणे असे, की डॉक्टर क्षणभरही रिकामा राहू नये म्हणून रोग्यांना तासन्‌तास बसविण्यात येते. आरंभी दोन रोगी हजर ठेवावे आणि पुढच्यांना तपासणीस सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने बोलवावे, म्हणजे दोघांचाही वेळ वाचेल. मुलीने हे वाचून दाखविले तेव्हा मला हसू आले. त्या गणितात बाकावर बसलेल्या बाईच्या वेळेलाही किंमत धरली होती. आमच्या घरात ती अजून कोणी धरली नव्हती!

मी २००० साली सून म्हणून मुलुंडास आले. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी नंबर नव्हता. तालुक्याला बाजारच्या दिवशी जावयाचे आणि डॉक्टर भेटतील तेव्हा भेटतील. येथे पत्र्याचे बिल्ले होते. २००३ च्या पावसाळ्यात सासूबाईंना सकाळपासून अस्वस्थ वाटत होते. आमचा बिल्ला सत्ताविसावा. आत अकरावा चालू होता. मी म्हटले, “आई, कंपाउंडरकाकांना सांगू का?” त्या म्हणाल्या, “नको गं, लोक काय म्हणतील? नंबर येऊ दे.” त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुड्या बांधता बांधता काकांनी मान वर केली, सासूबाईंच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि काही न विचारता त्यांना हाताला धरून आत नेले. अर्ध्या तासात आम्ही रुग्णालयात होतो. हृदयविकाराचा झटका होता. सासूबाई त्यानंतर अकरा वर्षे जगल्या. बाकावरच्या सोळा माणसांपैकी एकानेही तक्रार केली नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या दिवशी मला समजले, की नंबर हा न्याय खरा, पण नंबरापेक्षा मोठे असे काही असते. ते पाहावयास डोळे लागतात.

पुढे टेलिफोन घरोघर आले. मग मोबाइल आले. वही गेली, बिल्ला गेला. “साडेसहानंतर या” असे फोनवर सांगू लागले, आणि आता तर पुष्कळ ठिकाणी मोबाइलवरच वेळ घेता येते. बाकावरचा वेळ वाचला, हे मी कृतज्ञतेने लिहिते. पण मोबाइलला कपाळावरचा घाम दिसत नाही. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा सरकारने फोनवरून तपासणी करण्याचे नियम काढले. त्यांचा पुष्कळांना आधार झाला. २०२१ साली करोनाच्या लशीसाठी कोविन या संकेतस्थळावर वेळ घ्यावी लागे. मे महिन्यात तर जागा उघडल्या की क्षणात संपत. आमच्या चाळीतल्या एका आजींकडे साधा फोन होता. त्या मला म्हणाल्या, “पूर्वी मला लिहिता येत नव्हते तर कोणीतरी वहीत नाव लिहून देई. आता हे कोण लिहून देणार?” माझ्या मुलीने पाच दिवस प्रयत्न करून त्यांना वेळ मिळवून दिली.

आता एक कबुली देते. गेल्या वर्षी मला जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांची वेळ घेतली, पण यजमानांचा खोकला वाढला म्हणून ती त्यांना दिली. दुसऱ्या वेळी मुलाला ताप. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी मी गेले. आमचे डॉक्टर अजून घराघराची कार्डे पेटीत ठेवतात. त्यांनी आमच्या घराचा गठ्ठा काढला. सासऱ्यांची कार्डे टाचून जाड झालेली, यजमानांची, मुलांची तशीच. माझे एकच कार्ड, आणि त्यावरची शेवटची नोंद मुलाच्या जन्माच्या वेळची. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कार्ड माझ्यापुढे ठेवले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. बाईचे ते बारा तरी असावे लागते. औषधाने आता बरे आहे. पण आनंदीबाईंनी सातासमुद्रापार जाऊन जे आपल्यासाठी मिळवू पाहिले, ते मी चार वेळा हातचे दिले होते.

म्हणून वर्धापनदिनी माझ्या दोन सूचना आहेत. ज्यांना मोबाइलवर नंबर लावता येत नाही अशा वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मंडळाने एक वही ठेवावी, सुतळीला पेन्सिल बांधून. आपल्या मुलींनी पाळीपाळीने ती नावे मोबाइलवर लावावीत आणि फोन करून कसे वाटते तेही विचारावे. आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर आपण प्रत्येकीने वर्षातून एकदा स्वतःचे नाव लिहावे. तो नंबर मात्र कोणी कोणाला देऊ नये.

पहिले नाव मी लिहिते.