स्तनशोथ आणि स्वयंप्रतिरक्षाजन्य संधिविकार

स्तनाचा शोथ (दाहयुक्त सूज) बहुधा स्तनपानाच्या काळात जंतुसंसर्गाने होतो. काही प्रकारांत मात्र नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि त्याच सुमारास गुडघे वा घोटेही सुजतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोग व माधवनिदानात आमवात असे हे दोन विषय स्वतंत्रपणे आले आहेत. त्यांच्या परस्परसंबंधाचा विचार अलीकडचा आहे.

अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये स्तनाच्या क्षयाचे वर्णन केले. सांध्यात क्षयजंतू नसतानाही क्षयरोग्यास संधिशोथ होऊ शकतो, हे फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद पाँसे यांनी १८९७ मध्ये दाखविले. ल्यूपस एरिथिमॅटोसस या स्वयंप्रतिरक्षा रोगात त्वचेखालील मेदाचा शोथ होतो, ही गोष्ट कापोसी यांनी १८८३ मध्येच नोंदविली होती. हा शोथ स्तनातील मेदात झाल्यास कर्करोगाचा भास होतो.

केसलर व वोलॉक यांनी १९७२ मध्ये कणार्बुदी स्तनशोथ हा वेगळा विकार म्हणून मांडला. यात दुग्धखंडिकांभोवती महाकोशिकायुक्त कणार्बुदे दिसतात. रुग्ण बहुधा बाळंतपणानंतर काही वर्षे लोटलेल्या तरुण स्त्रिया असतात. काहींना संधिशोथ व नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी होतात. १९८० मध्ये कॉर्टिकोस्टेरॉइडांच्या उपयोगाचे वृत्त आले. पुढे संधिवाताभ संधिशोथावरील मिथोट्रेक्सेटही वापरात आले. या औषधांच्या गुणामुळे विकार स्वयंप्रतिरक्षाजन्य असावा, असा तर्क बळावला. तो निर्णायक नव्हे. कारण ही औषधे कोणताही शोथ दडपतात. शिवाय २००२ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी अशा ऊतकांत कॉरिनेबॅक्टेरियम जंतू आढळल्याचे दाखविले.

मराठवाड्याच्या दृष्टीने खरी अडचण क्षयाची आहे. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावानेच लोकांस परिचित आहे. क्षय सर्रास आढळणाऱ्या प्रदेशात स्तनातील गाठ व सुजलेला सांधा एकत्र दिसले, तर पाँसे यांचा विकार की कणार्बुदी स्तनशोथ, हा प्रश्न वैद्यापुढे उभा राहतो. क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयविरोधी औषधे देणे व्यर्थ ठरते. उलट, क्षय ओळखला न जाता कॉर्टिकोस्टेरॉइड दिल्यास तो पसरतो. कर्करोग समजून स्तनच काढून टाकला गेल्यास ती हानी भरून येत नाही. म्हणून प्रथम सुईने ऊतकाचा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकीय तपासणी करतात व क्षयजंतूंसाठी संवर्धन आणि जनुकीय चाचणी करून मगच प्रतिरक्षादमनकारी औषधे सुरू करतात.