विमानप्रवास आणि पारंपरिक पोशाख : नऊवारीपासून किल्टपर्यंत

सिल्वासा : लग्नकार्य, परदेशी स्थायिक झालेल्या मुलांची भेट, लोककला पथकाचा दौरा अशा निमित्ताने नऊवारी, धोतर, फेटा किंवा आदिवासी वेश परिधान करून विमान गाठण्याची वेळ अनेकांवर येते. अशा वेळी हा वेश सुरक्षा तपासणीत चालेल का, पगडी उतरवावी लागेल का, सर्वांसमक्ष अंगझडती होईल का, असे प्रश्न मनात उभे राहतात. भारतात प्रवाशाने विमानात कोणता पोशाख घालावा हे ठरवणारा नियम नाही. अडचण येते ती पोशाखावरील धातूमुळे, कापडाच्या थरांमुळे आणि पोशाखाचाच भाग मानल्या जाणाऱ्या शस्त्रामुळे. या तीन गोष्टींची तयारी घरूनच केली, तर वेश बदलण्याचे कारण उरत नाही.

डोकमर्डीहून विमानतळापर्यंत

सिल्वासा परिसरात प्रवासी विमानतळ नाही. दमणचा विमानतळ जवळ असला, तरी तो तटरक्षक दलाचा तळ आहे. त्यामुळे डोकमर्डीतील प्रवाशाला सुरत किंवा मुंबई गाठावी लागते. दोन्ही ठिकाणे शंभर किलोमीटरांहून दूर आहेत आणि तेथवरचा प्रवास महामार्गाने किंवा वापी स्थानकावरून रेल्वेने होतो. विमानात बसण्यापूर्वीच पोशाख काही तास अंगावर असतो. चुरगळलेल्या निऱ्या आणि सैल झालेला काष्टा पुन्हा नीट करण्यासाठी विमानतळावर किमान अर्धा तास अधिक हाताशी ठेवावा.

तपासणी कोण करते, कशी करते

भारतातील हवाई सुरक्षेचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो. 1978 मध्ये स्थापन झालेला हा विभाग 1987 पासून स्वतंत्रपणे काम करतो. डिसेंबर 1999 मधील कंदाहार विमान अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास सुरुवात झाली. मुंबईसह देशातील बहुतेक मोठ्या विमानतळांवर आज याच दलाचे जवान तपासणी करतात.

प्रवासी आधी धातुशोधक चौकटीतून जातो, नंतर हातातील शोधकाने त्याची तपासणी होते. महिलांची तपासणी पडद्याआड, महिला कर्मचाऱ्याकडूनच होते. पुरुष प्रवाशाला उघड्यावर झडती नको असेल, तर तो स्वतंत्र खोलीत तपासणी करण्याची विनंती करू शकतो. धोतराचा सोगा किंवा कमरेची गाठ सोडून दाखवावी लागणार असेल, तर ही विनंती अवश्य करावी. ती आधी आणि शांतपणे केल्यास वाद होत नाही.

सोने वाजते का?

सोन्याला शोधक हरकत घेत नाही, हा समज चुकीचा आहे. धातुशोधक चौकटीतील तारेची वेटोळी बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. त्या क्षेत्रात वीजवाहक धातू आला की त्यात सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो आणि यंत्राला त्याची चाहूल लागते. सोने, चांदी आणि तांबे हे उत्तम वीजवाहक आहेत. बारीक मंगळसूत्र किंवा जोडवी सहसा निभावून जातात. पण कमरपट्टा, वाक्या, पाटल्यांचा जोड, चांदीची जाड कडी यांमुळे यंत्र वाजण्याची शक्यता मोठी असते. अस्सल जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची तार असते, त्यामुळे दाट जरीचा पदरही हातातील शोधकाजवळ आवाज करू शकतो.

यासाठी जड दागिने अंगावर न घालता डबीत ठेवून हातातील पिशवीत न्यावेत आणि तपासणीनंतर घालावेत. चेक-इन सामानात दागिने कधीही टाकू नयेत. परदेशी जाताना मौल्यवान दागिने नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना ते दागिने मूळचे आपलेच आहेत, हे त्याआधारे सिद्ध करता येते. साडीला लावलेल्या सेफ्टी पिना आणि खोप्यातील आकडे मोजकेच ठेवावेत.

थरांची अडचण

परदेशातील अनेक विमानतळांवर मिलिमीटर लहरींचे बॉडी स्कॅनर आहेत आणि भारतातही ते टप्प्याटप्प्याने येत आहेत. या लहरी कापडातून आरपार जातात आणि त्वचेवरून परावर्तित होतात. कापडाचे अनेक थर, घट्ट निऱ्या किंवा घामाने ओलसर झालेला भाग यांमुळे यंत्राला तेथे काहीतरी दडवले आहे असे भासते. मग त्या जागेची हाताने चाचपणी होते. ही चाचपणी म्हणजे संशय नव्हे, यंत्राच्या मर्यादेचा तो परिणाम असतो.

तरीही तिच्यामुळे मानहानी होऊ शकते, हे डिसेंबर 2010 मध्ये दिसले. अमेरिकेतील भारताच्या तत्कालीन राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपी राज्यातील जॅक्सन विमानतळावर रांगेतून बाजूला घेऊन त्यांची हाताने झडती घेण्यात आली. त्या साडीत होत्या आणि साडीमुळेच त्यांना निवडले गेले, असे त्यांच्यासोबतच्यांचे म्हणणे होते. परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. अमेरिकी यंत्रणेने कार्यपद्धतीचे पालन झाल्याचे सांगितले. राजदूतांच्या बाबतीत हे घडू शकते, तर सामान्य प्रवाशाने आपले हक्क माहीत करून घेतलेलेच बरे. अमेरिकेतही प्रवाशाला समलिंगी अधिकाऱ्याकडून आणि खासगी जागेत तपासणी मागता येते. पगडी किंवा फेटा असेल, तर तो न उतरवता स्वतःच्या हातांनी चाचपून नंतर हातांची स्फोटक-अंश चाचणी देण्याचा पर्यायही तेथे विचारता येतो.

किल्ट आणि नऊवारी

जगात या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा स्कॉटलंडच्या किल्टबाबत होते. किल्ट हा पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या असलेला लोकरी वेश. पारंपरिक किल्टला सुमारे आठ वार कापड लागते, म्हणजे नऊवारीपेक्षा केवळ एक वार कमी. 1746 च्या कायद्याने ब्रिटिश सत्तेने हा डोंगराळ भागातील वेश घालण्यास बंदी केली होती, ती 1782 मध्ये उठली. म्हणूनच स्कॉटिश माणसाला तो घालून परदेशी जाणे अभिमानाचे वाटते.

विमानतळावर किल्टलाही तीनच अडचणी येतात. कमरेचे बक्कल, समोर लटकणाऱ्या ‘स्पोरन’ या चामडी बटव्याची साखळी आणि कापडाची टाचणी यंत्राला वाजवतात. चुण्यांचे थर चाचपणीला निमंत्रण देतात. पायमोज्यात खोचण्याची ‘स्किअन डू’ ही छोटी सुरी मात्र अंगावर न ठेवता चेक-इन सामानातच टाकणे योग्य. अनुभवी प्रवासी स्पोरन सोडून तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बांधतात. कमरपट्ट्यासाठीही हीच रीत उपयोगी पडते.

शस्त्राबाबत भारतात एक अपवाद आहे. मार्च 2022 च्या आदेशानुसार शीख प्रवाशाला देशांतर्गत उड्डाणात कृपाण जवळ बाळगता येते. पाते 6 इंचांपेक्षा आणि एकूण लांबी 9 इंचांपेक्षा अधिक नसावी, ही अट आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी ही सवलत नाही. मावळ्याच्या वेशातील कट्यार किंवा आदिवासी नृत्यातील धनुष्यबाण यांना असा अपवाद नाही. ते चेक-इन सामानातूनच न्यावेत.

नृत्यपथकांसाठी

2011 च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीच्या लोकसंख्येत सुमारे 52 टक्के आदिवासी आहेत. वारली, कोकणा, धोडिया या समाजांतील कलाकार बाहेरगावी जातात तेव्हा घुंगरू, कडी, सरी यांच्यासह तारपाही नेतात. घुंगरू अंगावर बांधून तपासणीला जाऊ नये. ते पिशवीत ठेवल्यास क्ष-किरण यंत्रातून सहज जातात. तारपा वाळलेल्या भोपळ्याचा आणि बांबूचा असतो. तो नाजूक असल्याने विमान कंपनीला आधी कळवून शक्यतो केबिनमध्ये न्यावा. परदेशी जाताना वनस्पतिजन्य वस्तूंविषयी त्या देशाचे नियम तपासावेत, कारण काही देश अशा वस्तू जाहीर करणे बंधनकारक मानतात.

आसनावर बसल्यावर

सीटबेल्ट कापडाच्या गठ्ठ्यावरून नव्हे, तर निऱ्यांच्या खालून, कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. पोटावर चढलेला पट्टा धक्क्याच्या वेळी इजा करतो. मोठ्या प्रवासी विमानाला परवाना मिळण्यासाठी अर्धे दरवाजे वापरून 90 सेकंदांत सर्व प्रवासी बाहेर काढता येतात, हे सिद्ध करावे लागते. त्या घाईत जमिनीवर लोळणारा पदर किंवा सोगा पायात येऊ शकतो, म्हणून तो कमरेला खोचलेला असावा. काष्ट्याची नऊवारी येथे उपयोगाची ठरते, कारण पाय मोकळे राहतात. गुडघ्यापर्यंतचे लुगडे किंवा किल्ट नेसलेल्यांचे पाय मात्र घसरगुंडीवर घासू शकतात. लांब मोजे घातल्यास संरक्षण मिळते. आगीच्या वेळी कृत्रिम धागा वितळून त्वचेला चिकटतो, म्हणून सुती किंवा लोकरी कापड अधिक सुरक्षित.

दीर्घ उड्डाणात एका जागी बसून पायांतील रक्तप्रवाह मंदावतो. घट्ट आवळलेला काष्टा किंवा कडदोरा त्यात भर घालतो. दर एक-दोन तासांनी उठून फेरी मारावी.

तक्रार कोठे करावी

वेशावरून अपमानास्पद वागणूक मिळाल्यास जागेवर हुज्जत न घालता सुरक्षा दलाच्या पाळीवरील अधिकाऱ्याला भेटण्याची मागणी करावी. वेळ, तपासणीच्या रांगेचा क्रमांक आणि घडलेला प्रकार त्याच दिवशी लिहून ठेवावा. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. लेखी नोंद झाल्याखेरीज अशा प्रकारांची चौकशी पुढे सरकत नाही, हे लक्षात ठेवावे.