नगरच्या पेठेतील परवाना आणि जागा

शहराच्या सभेपुढे परवाना-फीचा ठराव आला, की दुकानदार प्रथम रुपयांचा हिशेब मांडतो. फी किती वाढली, एवढाच प्रश्न त्यास दिसतो. परंतु या फीच्या पोटी दुसरा, पुष्कळ जुना प्रश्न आहे : ज्या जागेवर तो बसतो ती कोणाची, आणि तेथे बसू देण्याचा अधिकार कोणाचा? २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणविणारे आजचे अहिल्यानगर या प्रश्नाचा इतिहास पाहावयास सोयीचे आहे.

१४९० साली मलिक अहमद निजामशहाने सीना नदीकाठी, भिंगारनजीक हे नगर वसविले. पेठ वसविणे म्हणजे केवळ रस्ते आखणे नव्हे; उदमी यावा लागतो, आणि आलेला टिकावा लागतो. मराठी अमलात पेठांतून शेटे व महाजन असे वतनदार असत. नव्या उदम्यास जागा नेमून देणे, प्रसंगी काही वर्षांच्या माफीचा कौल मिळवून देणे आणि मुदत सरली की सरकारची पट्टी वसूल करणे, ही कामे त्यांच्याकडे. कारागीर व दुकानदार यांच्या धंद्यांवरील पट्टीस मोहतर्फा म्हणत. म्हणजे जागा आणि धंद्याची मोकळीक या दोन्ही गोष्टी एकाच हातून मिळत. शेटे-महाजन सारेच सज्जन होते असे नव्हे. पण ते पेठेतलेच असत, व गाऱ्हाणे घेऊन कोणाच्या दारी जावयाचे हे प्रत्येकास ठाऊक असे.

इंग्रजी अमलात, १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहर-जकाती, मोहतर्फा आणि धंद्यांवरील इतर कर एकदम उठले. मेहेरबानी मोठी खरी, परंतु ती फुकटची नव्हती. बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी मिठावरील पट्टी मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया करण्यात आली. सुरतेस त्यावरून दंगा झाला, तेव्हा ती बारा आण्यांवर आणावी लागली. तेल्याच्या घाण्यावरचा बोजा असा शेतमजुराच्या भाकरीबरोबरच्या मिठावर गेला. या व्यवहारास सुधारणा म्हणणे कठीण आहे.

शहराच्या झाडलोटीस, दिव्यांस व पाण्यास लागणारा पैसा मात्र कोठूनच येईना. नगरचे पाणी निजामशाहीतल्या भूमिगत नळांनी येई, आणि नळ म्हटले की दुरुस्ती आलीच. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने रहिवाशांनी अर्ज केल्यास शहरास म्युनिसिपालिटी व तिला कर बसविण्याची मुभा मिळू लागली. नगरची म्युनिसिपालिटी १८५४ सालची. दहा वर्षांपूर्वी उठलेली जकात या मार्गाने शहरोशहरी परत आली. फरक एवढाच की आता तिचा पैसा शहराच्याच पेटीत पडावयाचा होता. सभासद मात्र सरकारनियुक्त. निम्म्या जागा तरी निवडणुकीने भराव्या, हे १८८४ च्या कायद्यानंतर घडले.

मध्यंतरी ‘लायसेन्स’ या शब्दास वाईट वास लागला होता. १८७६-७७ च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळून निघाला. पुढील दुष्काळांची तरतूद म्हणून सरकारने १८७८ साली व्यापारधंद्यांवर लायसेन्स-कर बसविला. सुरतेत पुन्हा दंगल झाली. हा कर म्युनिसिपालिटीचा नव्हे, सरकारचा. आणि १८८६ साली प्राप्तीवरील करात तो विलीन झाला. पण परवाना म्हणजे धंद्यावर घातलेला दंड, ही समजूत बाजारात राहून गेली.

जागेचा विषय याहून गुंतागुंतीचा. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात शहरांची मोजणी करून घरजागेच्या धारकास सनद देण्याची तरतूद झाली. सनदेत जागेच्या हद्दी आल्या. दुकानापुढचा ओटा मात्र पुष्कळदा रस्त्यावर निघाला. म्युनिसिपालिटीने त्याचे भुईभाडे घ्यावे, दुकानदाराने पावत्या जपून ठेवाव्या, आणि मुलाने त्या पावत्या म्हणजेच मालकी समजावी, असा हा क्रम. भुईभाड्याची पावती भोगवट्याची खूण होऊ शकते, सनद होऊ शकत नाही. कापडबाजार, डाळमंडई यांसारख्या दाट वस्तीच्या बाजारात हा भेद एका हाताच्या रुंदीवर येऊन ठेपतो.

२००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि तिला १९४९ चा महानगरपालिका कायदा लागू झाला. त्याच्या ३७६ व्या कलमाने काही धंद्यांस परवाना आवश्यक केला आहे, व ३८६ व्या कलमाने परवान्याची फी आयुक्ताने महापालिकेच्या मंजुरीने ठरवावयाची आहे. महापालिकेची जमीन चालू बाजारभावाहून कमी मोबदल्यात विकू वा भाड्याने देऊ नये, असे ७९ वे कलम सांगते. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली, २०१७ च्या वस्तू व सेवा कराने महापालिकांचेही तसले कर संपविले. तेव्हापासून सभांची दृष्टी फी, गाळे व मोकळ्या भूखंडांकडे अधिक वळावी हे ओघानेच आले.

पण फी म्हणून कितीही घ्यावे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली फी व कर यांत भेद केला : फीच्या बदल्यात काही सेवा असावी लागते. कलकत्त्याच्या एका चित्रपटगृहाची वार्षिक परवाना-फी ४०० रुपयांवरून ६००० झाली, तेव्हा मालक याच आधारावर न्यायालयात गेला. डिसेंबर १९६४ मध्ये न्यायालयाने बहुमताने ठरविले की हा नावाने फी असला तरी वस्तुतः करच आहे, आणि तो कायदेशीर आहे. मालक हरला. शब्दावर विसंबून दावा लावणाऱ्यांनी हा निकाल अवश्य पाहावा.

दुकानदारास निदान सनद तरी आहे. रस्त्यावरच्या भाजीवाल्यास तीही नाही. त्याच्यासाठी २०१४ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार विक्रीच्या जागांचा विचार करणाऱ्या शहर समितीत किमान ४० टक्के सभासद पथविक्रेत्यांनी स्वतःतून निवडलेले असावे लागतात. शेटे-महाजनांच्या काळी जागा नेमून देणारा पेठेतला असे. जागा मागणारा स्वतःच त्या बैठकीत बसावा, हे मात्र प्रथमच घडले.